उत्तर थायलंड: चियांग माई, चियांग राय आणि शाकाहारी आईचं जेवण

केतकी_प

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन उत्तर थायलंडला जायचं ठरतंय. हाताशी सात रात्री आहेत. बाबा ७१ वर्षांचे, आई ६८ ची. दोघंही भरपूर चालतात, फक्त आईचे गुडघे पायऱ्या चढताना दुखतात. बँकॉक आणि समुद्रकिनारे दोघांनाही नकोत. आईला देवळं, बाजार, हातमाग बघायला आवडतं. बाबांना इतिहास आणि नवीन ठिकाणचं जेवण.

प्रश्न जेवणाचाच आहे. आई शाकाहारी, अंडंही नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. ती कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पाळते, म्हणजे आमचे पहिले तीन दिवस नेमके त्यात येतात. एजंटने रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट ठेवलंय. एका दिवशी चियांग माईहून सकाळी सातला निघून पांढरं देऊळ, निळं देऊळ, काळं घर, 'लाँग नेक' गाव, गोल्डन ट्रँगल आणि रात्री नऊला परत. शिवाय एक 'खानतोक कल्चरल डिनर'.

मला हे पटत नाहीये. इतक्या लांब जाऊन आईने रोज पनीर बटर मसालाच खायचा का? जाऊन आलेल्यांनी मनापासून सांगा, काय ठेवू आणि काय काढू?

रानभूल

तीनदा जाऊन आलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तो एका दिवसाचा चियांग राय काढून टाक. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या घरात प्रवास होतो. सगळा दिवस व्हॅनमध्ये जातो आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळतो. चियांग रायला दोन रात्री राहा. बस साडेतीन-चार तासांत पोचवते.

पांढरं देऊळ म्हणजे वाट रोंग खुन ('वाट' म्हणजे थाईत देऊळ). ते जुनं नाही. चालेर्मचाय कोसितपिपात या चित्रकाराने पडझड झालेल्या देवळाच्या जागी ते नव्याने उभं केलं आणि १९९७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. काम अजून चालू आहे. पुलाखालून वर आलेले शेकडो हात शांतपणे बघायचे असतील तर उघडताक्षणी पोच, दहानंतर गर्दीच्या व्हॅन येतात. काळं घर, म्हणजे थवान दुचानी यांचं बान दाम, ही हाडं, शिंगं, कातडी यांनी भरलेली लाकडी घरं आहेत. कलाकार म्हणून तो माणूस थोर, पण काकूंना तिथे बरं वाटेल असं नाही. आधी कल्पना दे.

चियांग माईला चार दिवस दे. चियांग म्हणजे शहर, माई म्हणजे नवं. मांगराय राजाने १२९६ साली वसवलेलं हे लान्ना राज्याचं नवं नगर. लान्ना म्हणजे दहा लाख भातखाचरं. जुनं शहर चौकोनी आहे, एकेक बाजू दीड किलोमीटरच्या आसपास आणि भोवती पाण्याचा खंदक. आत चालत फिरता येतं, म्हणून राहायची जागा खंदकाच्या आतच घे.

डोंगरावरच्या दोई सुथेप देवळाला जायचंच. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण बाजूने वर नेणारी लिफ्टगाडी आहे, काकूंनी त्यातून जावं. सुथेप हे नाव ज्या ऋषीवरून पडलं त्याला तिथे वासुदेव म्हणतात. पहाटे गेलात तर धुक्यात सोन्याचा स्तूप आणि भिक्खूंचं पठण, दोन्ही मिळेल.

आणि एक रात्र मे कम्पोंगला राहा. चियांग माईपासून पन्नासेक किलोमीटरवर, डोंगरातलं ओढ्याकाठचं गाव. गावकऱ्यांच्या घरी राहायचं, त्यांच्यातच जेवायचं. तिथे चहाची पानं वाफवून, जुड्या बांधून आंबवतात. त्याला मिआंग म्हणतात. चिमूटभर मीठ आणि आलं घालून विड्यासारखी चघळायची.

सिंगापूरकर

केतकीताई, चातुर्मासाची काळजी सोडा. तुमच्या आईंसाठी थायलंडमध्ये एक तयार शब्द आहे: जे.

'जे' ही चिनी-बौद्ध परंपरेतली आहाराची पद्धत. मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा, लसूण, कांद्याची पातही नाही. कारणही आपल्यासारखंच, उग्र वासाचे पदार्थ मन अस्थिर करतात. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं दिसली की तिथे 'जे' जेवण मिळतं. ती दोन अक्षरं लांबून इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात, ती खूण लक्षात ठेवा. अशा ठिकाणी सात-आठ पातेली मांडलेली असतात. बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात.

याउलट नुसतं 'व्हेज' म्हणालात तर फसाल. भाजी शुद्ध दिसते, पण त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी असतं. चटणीत कापी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. वाढणाऱ्या बाईच्या लेखी ते मीठच असतं, तिने फसवलेलं नसतं. म्हणून दोन वाक्यं पाठ करा. 'छान किन जे खा', मी जे खाते. आणि 'मै साई नाम प्ला', माशाचं पाणी घालू नका. 'खा' हे बायकांनी बोलताना लावायचं आदराचं अक्षर, पुरुषांनी 'ख्रॅप'. 'जे' हे अक्षर थाई लिपीत मोठं लिहून पर्समध्ये ठेवा.

बाबांसाठी खाव सोई. नारळाच्या दुधातला रस्सा, त्यात अंड्याच्या नूडल्स, वर त्याच नूडल्स कुरकुरीत तळून. सोबत आंबवलेली मोहरीची पानं, कच्चा छोटा कांदा, लिंबू आणि तेलात परतलेली मिरची. चीनच्या युन्नानमधून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांशी या पदार्थाचं नाव जोडलेलं आहे. त्यांची बान हॉ मशीद रात्र बाजाराजवळच आहे आणि त्या गल्लीत हलाल खाव सोई मिळतं. शुक्रवारी सकाळी समोर युन्नानी लोकांचा बाजार भरतो, तो चुकवू नका. मुंबईत आपण ज्याला खाउसे म्हणतो ते ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीयांनी आणलेलं. दोन्ही एकाच घराण्यातली.

अनुस्वार

खानतोक डिनर काढून टाका. पर्यटकांसाठी बांधलेला कार्यक्रम आहे. मोठ्या हॉलमध्ये बसवतात, जेवण कोमट, मग एकामागून एक नाच. अस्सल काही नाही.

माडाची सावली

अनुस्वार, थोडी असहमत.

खान म्हणजे भांडं, तोक म्हणजे बुटकं गोल मेज. वेताचं किंवा लाखेचं. त्यावर पाच-सहा वाट्या आणि मध्ये सगळ्यांचे हात. लान्ना घरांत पाहुण्याला असंच जेवू घालायची रीत होती. पर्यटकांसाठीचे कार्यक्रम जुने आहेत, चियांग माईच्या ओल्ड कल्चरल सेंटरमध्ये तर १९७१ पासून चालू आहेत. पन्नासहून जास्त वर्षं जे चाललंय त्यात शिकून तयार झालेल्या मुलींच्या पिढ्या आहेत. आपल्याकडे लावणी थिएटरात बघितली म्हणून ती खोटी होत नाही. नखांचा नाच, फोन लेप, नीट बघा. अंगठा सोडून आठही बोटांना लांब पितळी नखं, आणि संबंध नाच मनगटात. पाय जवळजवळ हलतच नाहीत.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. मी मालवणकडची. चियांग माईच्या वारोरोत बाजारात मसाल्याच्या गाळ्यावर एका परातीत काळपट, उकललेली, बारीक फळं दिसली. हातात घेऊन चुरडली आणि अंगावर काटा आला. तिरफळ! ते लोक माखवेन म्हणतात. आपण बांगड्याच्या आमटीत घालतो, ते लाबमध्ये, म्हणजे खिम्यासारख्या पदार्थात कुटून घालतात. बाजारवाल्या आजींना खुणेने सांगितलं की आमच्याकडेही हे आहे. त्यांनी मूठभर कागदात बांधून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

तसंच कोवळ्या फणसाचं. ताम खानुन म्हणजे उकडून, कुटून, फोडणीला टाकलेली कुयरी. एप्रिलमध्ये त्यांचं नवं वर्ष लागतं, सोंगक्रान. शब्द आपल्या संक्रांतीचाच. त्या दिवसांत फणसाची भाजी मुद्दाम खातात, कारण खानुन शब्दातला 'नुन' म्हणजे आधार देणं. वर्षभर कोणीतरी पाठीशी उभं राहावं म्हणून. आपण पाडव्याला कडुनिंब खातो तसंच. आणि त्यांच्या नाम न्गिआव रश्श्यात वाळवलेली काटेसावरीची फुलं असतात. आमच्या परसात सावरीची फुलं नुसती गळून जातात, तिथे ती जुड्या करून विकायला ठेवलेली बघून हात जोडावेसे वाटले.

अनुस्वार

माडाची सावली, पटलं. मी घाईने लिहिलं. माझा राग नाचावर नव्हता, त्या हॉलमधल्या घाईवर होता. केतकी, गेलात तर लवकर जाऊन पुढची जागा घ्या आणि 'जे' ताट आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

रानभूल

अजून एक राहिलं. 'लाँग नेक' गाव कृपा करून काढ.

तिथे असतात त्या गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या कायान बायका. म्यानमारमधल्या लढायांमुळे त्यांची कुटुंबं सीमा ओलांडून आली आणि त्यांच्यातल्या काहींना पर्यटकांसाठी वसवलेल्या गावांत ठेवलं गेलं. कितीतरी जणांकडे नागरिकत्व नाही. कड्यांनी मान लांब होत नाही, गळ्याजवळची हाडं खाली दबतात. पहिल्या खेपेला आमच्या गाडीवाल्याने न विचारता नेलं होतं. तिकीट काढून आत गेले. नऊ-दहा वर्षांची मुलगी ओट्यावर बसली होती, समोर एका माणसाने तिच्या तोंडाजवळ कॅमेरा धरला होता. ती हसली नाही, वळलीही नाही. मी एक मफलर विकत घेतला आणि बाहेर आले. तो मफलर मी आजपर्यंत गळ्यात घातलेला नाही.

सिंगापूरकर

याला पूर्ण अनुमोदन. काही जण म्हणतात की तिकिटाच्या पैशांवर त्यांचं घर चालतं. काही प्रमाणात चालतही असेल. पण माणसं बघायला तिकीट ही गोष्टच मला गिळवत नाही. हत्तींच्या बाबतीतही तेच, पाठीवर बसवणारं ठिकाण नको.

त्या वेळात चियांग माई आणि चियांग रायच्या पलीकडचं काही बघायचं असेल तर लाम्पून करा. अर्ध्या दिवसात होतं. चामादेवी राणीचं मोन लोकांचं राज्य तिथे होतं, चियांग माईच्या कितीतरी आधी. हरिपुंचय स्तूपाचं आवार इतकं शांत आहे की पाचोळा झाडल्याचा आवाज येतो.

संघमित्रा

मी नागपूरची. सगळं वाचते आहे, फार छान चाललाय धागा. माझं थोडं वेगळं.

आमच्या घरी रोज त्रिसरण-पंचशील म्हणतात. आजोबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात हेच. वाट चेदी लुआंगला संध्याकाळी मी पाय दुमडून बसले होते. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, आणि अचानक 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स' सुरू झालं. चाल वेगळी, शब्द तेच. मी मागे बसून म्हणू लागले. शेजारच्या थाई मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःची सतरंजी अर्धी माझ्याकडे सरकवली.

केतकीताई, त्या देवळाचा स्तूप पंधराव्या शतकातला, १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळला आणि तसाच ठेवलाय. आवारात झाडाखाली भिक्खूंशी गप्पा मारता येतात. तरुण भिक्खूंना इंग्रजीचा सराव हवा असतो, आपल्याला प्रश्न विचारायचे असतात. तुमच्या बाबांना तिथे दोन तास पुरणार नाहीत.

त्याच आवारात नगरस्तंभाचं छोटं देऊळ आहे, नाव इंथाखिन, म्हणजे आपला इंद्रकील. तिथे बायकांना प्रवेश नाही. बाहेर पाटी वाचून मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ज्या धम्मासाठी आमच्या घराने सगळं सोडलं त्याच्या आवारात ही पाटी. हे मी एका भिक्खूंना विचारलंही. ते म्हणाले, ही स्तंभाची जुनी रूढी आहे, बुद्धवचन नाही. आईंना आधी सांगून ठेवा, ऐन दारात कळलं तर जास्त लागतं.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बसताना पावलं मूर्तीकडे नकोत. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, दान खाली ठेवायचं किंवा त्यांनी पसरलेल्या वस्त्रावर.

केतकी_प

सगळ्यांचे खूप खूप आभार. एजंटचा कार्यक्रम रद्द केला. चार रात्री चियांग माई, एक मे कम्पोंग, दोन चियांग राय. आणि बघा, आमची तिसरी रात्र त्रिपुरारी पौर्णिमेची निघाली! तेव्हा कंदील सोडतात ना?

रानभूल

हो, तीच यी पेंग. यी म्हणजे दोन, पेंग म्हणजे पौर्णिमा. लान्ना पंचांगातला दुसरा महिना. उरलेल्या थायलंडमध्ये त्याच रात्री लॉय क्रथोंग, म्हणजे पाण्यात दिवे सोडायचा सण. आकाशात हजारो कंदील एकदम सुटतात ते शहराबाहेरचे तिकिटाचे कार्यक्रम आहेत. शहरात कंदिलांवर वेळेची बंधनं असतात आणि विमानांच्या वेळा बदलतात, परतीचं तिकीट त्या दिवशीचं नको. विझलेले सांगाडे शेतांत आणि तारांवर पडतात, म्हणून मी आता कंदील सोडत नाही. तुम्ही पिंग नदीवर जा आणि त्याआधी वाट फान ताओला.

खोल्या आत्ताच ठरव. थायलंडचा डिजिटल आगमन अर्ज तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो, तो फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते सरकारी साईटवरच बघ.

केतकी_प

मंडळी, परत आलो! पंधरा दिवस झाले, आता बसून लिहितेय.

आईचं जेवण. पहिल्याच सकाळी खंदकाबाहेरच्या गल्लीत पिवळी पट्टी दिसली. बाईंना मी 'छान किन जे' म्हणाले, त्यांनी आईकडे बघितलं, हात जोडले आणि सगळ्या पातेल्यांवरची झाकणं एकेक करून उघडून दाखवली. भोपळा आणि तुळशीसारखी पानं, टोफू आणि आलं, अळंबी घातलेली हिरवी करी. आईने तीन चवी घेतल्या. परत निघताना म्हणाली, "उपासाच्या दिवशी आपल्याला इतकं कोणी विचारत नाही गं." पुढचे दोन दिवसही आम्ही तिथेच न्याहारी केली. चौथ्या दिवशी चातुर्मास संपला तरी आई तिथेच गेली.

वारोरोत बाजारात आईला अप्पेपात्र सापडलं. खनोम खोक म्हणतात, बिडाच्या खाचांच्या तव्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. दोन अर्ध्या वाट्या चमच्याने उचलून एकमेकींवर पालथ्या घालतात. कड कुरकुरीत, पोट थलथलीत. त्यातल्या काहींवर कांद्याची पात असते, ती सोडून मक्याचे दाणे घातलेले घ्यायचे. आईने उभ्या उभ्या आठ खाल्ले. माडाची सावली, माखवेन पण मिळालं, पाव किलो आणलंय.

पौर्णिमेची रात्र. संध्याकाळी घराघरांच्या पायरीवर, देवळांच्या कुंपणांवर मातीच्या पणत्या लावल्या होत्या. नाव विचारलं तर म्हणाले फांग प्रथीप. बाबा लगेच म्हणाले, "प्रदीप!" आईने घरून त्रिपुरवात करून आणली होती, मला सांगितलंही नव्हतं. लहानशा पितळी डब्यात, तुपात भिजवलेली. आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी ती बघितली, वास घेतला, आणि त्यांच्या पणत्यांच्या रांगेत मधली जागा करून दिली. नंतर त्यांनीच आईला क्रथोंग करायला बसवलं. केळीच्या खांबाची जाडसर चकती, भोवती केळीच्या पानाचे टोकदार दुमड, काड्यांनी टाचलेले, मध्ये झेंडू, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. आईचा हात पत्रावळी-द्रोणांचा, तिचे दुमड मालकीणबाईंपेक्षा सरस झाले. त्या पिंग नदीवर आमच्यासोबत आल्या. आईने कपाळाला लावून क्रथोंग सोडलं आणि वळून वात विझली नाही ना, हे बघत राहिली.

खानतोक कार्यक्रमही बघितला, बाबांच्या हट्टाने. पुढे बसलो. नखांचा नाच माडाची सावलीने लिहिला तसाच, अंगठे मोकळे. बाबा म्हणाले, पैसे वसूल. पण खरं खानतोक मे कम्पोंगला मिळालं. ओढ्याच्या आवाजात, बुटक्या वेताच्या मेजाभोवती घरच्यांसोबत. बांबूच्या झाकणाच्या टोपलीत वाफवलेला चिकट भात. चिमटीने घ्यायचा, बोटांत वळून लाडू करायचा आणि वाटीत बुडवायचा. बाबांना हाताने सफाईने जेवताना बघून घरधनी खूश झाले. बाबांच्या पुढ्यात गेंग हांग ले, आलं-चिंचेचं डुकराचं मटण. आईसाठी भाजलेल्या हिरव्या मिरचीची नाम प्रिक नुम, कापी न घालता वेगळी कुटलेली, आणि ताम खानुन. पहिला घास घेऊन आई माझ्याकडे बघत राहिली. "अगं, ही तर कुयरीची भाजी."

अडचण एकच आली. चियांग रायला ज्या गाडीवाल्याला दिवसभरासाठी सांगितलं होतं, त्याने न विचारता गाडी 'लाँग नेक' गावाकडे वळवली. मी नाही म्हटल्यावर अर्धा तास वाद घालत होता. शेवटी बाबा उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तेव्हा परत फिरला. कुठे जायचं नाही ते लेखी देऊन ठेवा, हा माझा सल्ला.

संघमित्रा

केतकीताई, बाबा भिक्खूंशी बोलले का?

केतकी_प

दोन दिवस गेले, संघमित्रा. दुसऱ्या दिवशी त्या भिक्खूंनी त्यांना विचारलं की अजिंठा तुमच्या घरापासून किती लांब. बाबा औरंगाबादला नोकरीत होते, मग काय, वहीत लेण्यांचा नकाशाच काढून दिला. पत्त्यांची देवाणघेवाण झाली आहे.

माडाची सावली

वाचून डोळे भरले. काकूंनी ताम खानुन घरी केलं का? कृती विचारून ठेवली असशील तर लिही.

केतकी_प

विचारली आहे. कोवळा फणस सालं काढून मऊ उकडायचा, खलबत्त्यात नुसता ठेचायचा, रेषा राहू द्यायच्या. सुकी मिरची, लसूण, छोटे कांदे, मीठ यांचं वाटण तेलात परतून त्यात फणस आणि छोटे टोमॅटो. त्यांच्याकडे यात खिमा आणि कापीही असते, आईला त्याऐवजी सोयाबीन आंबवून वाळवलेली चकती, थुआ नाव, भाजून कुटून घातली होती. उतरवल्यावर माक्रूट लिंबाची पानं बारीक चिरून आणि वरून तळलेला लसूण. थुआ नाव संपली की काय घालायचं यावर आईचा विचार चालू आहे, सध्या तिचं मत थोड्या माखवेनकडे झुकतंय. पोफळी गावच्या मामांना फोन करून ठेवलाय, त्यांच्या झाडाला कुयऱ्या धरल्या की पहिल्या दोन आमच्याकडे येणार आहेत.